तुम्ही विचारलंत म्हणून: स्लर्मचा कंट्रोलर बंद करताना

पुण्यात बुधवार आला की हा प्रश्न हमखास येतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार असते, कॉलेजातला किंवा प्रयोगशाळेतला क्लस्टर (एकत्र जोडलेल्या संगणकांचा, म्हणजे नोडचा, संच) दिवसभर यूपीएसवर काढता येत नाही, आणि ज्याच्या हातात रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड आहे तो विचारतो, ‘स्लर्मचा कंट्रोलर कमांडलाइनवरून बंद कसा करायचा? आणि केला तर चालू जॉब मरतात का?’ स्लर्म म्हणजे लोकांनी टाकलेली कामं, म्हणजे जॉब, रांगेत लावून नोडना वाटून देणारी प्रणाली; ही वाटणी करतो तो कंट्रोलर. पाषाणच्या आयसर या संशोधन संस्थेतल्या परम ब्रह्मा महासंगणकासारख्या मोठ्या यंत्रणेवरही स्लर्मच आहे आणि विभागातल्या आठ नोडच्या क्लस्टरवरही, त्यामुळे उत्तर दोघांना सारखंच लागू पडतं.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं. नाही, मरत नाहीत. स्वारगेटच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रकाची केबिन बंद झाली म्हणून सोलापूर रस्त्याला लागलेली एसटी थांबत नाही. फक्त नवी गाडी सुटत नाही. हेड नोडवरचा, म्हणजे क्लस्टरच्या मुख्य संगणकावरचा, ‘स्लर्मसीटीएलडी’ हा तो नियंत्रक, म्हणजेच कंट्रोलर. जॉब खरा चालवतो तो प्रत्येक नोडवरचा ‘स्लर्मस्टेपडी’ हा प्रोग्राम. कंट्रोलर गप्प असताना जॉब संपला, तर नोड निरोप धरून ठेवतो आणि पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

तेवढ्या काळात जॉब टाकणारा ‘एसबॅच’ आणि रांग दाखवणारा ‘एसक्यू’ चालणार नाहीत, कंट्रोलरशी संपर्क होत नाही असा एरर येईल. जुन्या जॉबचा हिशेब दाखवणारा ‘एसॲक्ट’ मात्र चालतो, कारण तो हिशेबाचा डेटाबेस सांभाळणाऱ्या ‘स्लर्मडीबीडी’ला विचारतो. एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही: वेळेची मर्यादा कंट्रोलर पाळतो. मधल्या काळात मर्यादा ओलांडलेला जॉब निवांत पुढे चालतो आणि कंट्रोलर परत उठला की लगेच मारला जातो. त्याच्या मालकाला आधीच सांगून ठेवा.

आता कमांड. फक्त हेड नोडचं काम असेल, रॅम बदलायचा आहे, डिस्क बदलायची आहे, तर हेड नोडवर रूट म्हणून ‘सिस्टमसीटीएल स्टॉप स्लर्मसीटीएलडी’ एवढंच. यात प्रोसेसला टर्म सिग्नल जातो, ती आपली स्थिती डिस्कवर लिहिते आणि बाहेर पडते.

‘एसकंट्रोल शटडाउन’ ही कमांडही आहे, आणि घोळ होतो तो हिच्यामुळे. नुसती अशी दिली तर कंट्रोलर स्वतः बंद होण्याआधी सगळ्या नोडवरच्या ‘स्लर्मडी’लाही, म्हणजे नोडच्या वतीने कंट्रोलरशी बोलणाऱ्या प्रोसेसलाही, बंद व्हायला सांगतो. तेव्हाही जॉब मरत नाहीत, म्हणून कुणाला काही कळत नाही. मग काम उरकून हेड नोड सुरू होतो, कंट्रोलर नोडना हाका मारतो, उत्तर येत नाही. उत्तराची वाट बघण्याचा वेळ, ‘स्लर्मडीटाइमआउट’, मूळ 300 सेकंदांचा असतो. तो उलटला की नोड डाउन धरले जातात आणि धडधाकट चालणारे जॉब ‘नोड फेल’ म्हणून जातात किंवा पुन्हा रांगेत लागतात. जॉब मरतो तो इथे. ही कमांड वापरायचीच असेल तर पुढे ‘कंट्रोलर’ हा शब्द लावा; मग नोड सुरू राहतात. आमचं मत विचाराल तर सिस्टमसीटीएलच बरा, सवय एकच राहते.

दुसरा, राखीव कंट्रोलर असेल तर आधी तो बंद करा. नाहीतर मुख्य गप्प झाल्यावर ‘स्लर्मसीटीएलडीटाइमआउट’, मूळ 120 सेकंद, मोजून तो कारभार हातात घेईल आणि तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत नवे जॉब सुटलेले असतील. तेच हवं असेल तर प्रश्न नाही.

बंद झालाय हे डोळ्यांनी बघा. ‘पीग्रेप स्लर्मसीटीएलडी’ रिकामा आला पाहिजे, 6817 पोर्टवर कुणी ऐकत नसावं, आणि लॉगच्या शेवटी सगळी स्थिती जतन करत असल्याची ओळ दिसली पाहिजे. कमांड अडकली तर घाईने ‘किल वजा नऊ’ मारू नका. बहुतेक वेळा ‘स्टेटसेव्हलोकेशन’ची, म्हणजे कंट्रोलर आपली स्थिती लिहितो ती, डिरेक्टरी एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर, असते आणि एनएफएस रेंगाळलेला असतो. सिस्टमसीटीएलच्या मागे काम करणारा सिस्टमडी स्वतःच साधारण 90 सेकंदांनी किल मारतो, तेव्हा दुसऱ्या खिडकीत लॉग दाखवणारा ‘जर्नलसीटीएल’ उघडून काय चाललंय ते आधी बघा. जबरदस्तीने मारलं तर शेवटच्या जतनानंतरचं सगळं जातं. त्या काही सेकंदांत सुटलेला जॉब पुढच्या वेळी कंट्रोलरच्या ओळखीचा नसतो. कंट्रोलर त्याला अनाथ ठरवून मारतो.

गुरुवारचं प्रकरण वेगळं, कारण तिथे नोडचीही वीज जाणार. तेव्हा नोड आधीच रिकामे करावे लागतात. पुष्कळ जण पार्टिशन, म्हणजे जॉब ज्याच्या रांगेत लागतात तो नोडचा गट, ‘डाउन’ करून ठेवतात. त्याने रांगेतले जॉब सुटत नाहीत हे खरं, पण कंट्रोलर पुन्हा सुरू झाला की पार्टिशनची स्थिती कॉन्फ फाइलमधून वाचली जाते आणि ती गुपचूप ‘अप’ होते. रिझर्व्हेशन, म्हणजे ठरावीक वेळेसाठी नोड राखून ठेवणं, मात्र टिकतं. म्हणून ‘एसकंट्रोल क्रिएट रिझर्व्हेशन’ वापरा: सगळे नोड, रूट हा युजर, ‘मेंट’ (दुरुस्तीसाठी) आणि ‘इग्नोर जॉब्ज’ (चालू जॉबची अडचण न धरता) हे फ्लॅग, सुरुवात गुरुवारी सकाळी. ज्या जॉबची मर्यादा त्या वेळेपलीकडे जाते तो सुटतच नाही. म्हणूनच सर्वात लांब जॉब तीन दिवसांचा असेल तर रिझर्व्हेशन रविवारीच टाकलेलं हवं. बुधवारी टाकून उपयोग नाही.

बंद करताना आधी कंट्रोलर, मग ‘स्लर्मडीबीडी’, शेवटी मारियाडीबी हा डेटाबेस. सुरू करताना बरोबर उलट. मधे स्टेटसेव्हलोकेशनची एक प्रत काढून ठेवा, पण मालकी जपून: रूटने परत टाकलेल्या फाइली स्लर्म युजरला वाचता आल्या नाहीत तर कंट्रोलर उठताना तक्रार करतो. आणि अशा वेळी इंटरनेटवर कुणीतरी ‘स्लर्मसीटीएलडी वजा सी’ सुचवतो. नको. त्याने चालू आणि रांगेतले सगळे जॉब पुसले जातात.

वीज आल्यावर कंट्रोलर उठण्याआधी नोडची घड्याळं बघा. जुन्या मदरबोर्डचा सेल संपलेला असतो, नोड भलत्याच तारखेला जागा होतो, आणि नोड एकमेकांना दाखवतात ते ओळखपत्र तपासणारा ‘मंज’ ते मूळ 300 सेकंदांपुरतंच ग्राह्य धरतो. लॉगमध्ये क्रेडेन्शियल कालबाह्य असं दिसलं तर नेटवर्क तपासत बसू नका, घड्याळं जुळवणारा ‘क्रोनी’ सुरू आहे का ते बघा. त्यानंतरही एखादा नोड ‘अनपेक्षित रीबूट’ असं कारण सांगून डाउनच राहिला, तर ‘एसकंट्रोल अपडेट’ने त्याची स्थिती ‘रिझ्यूम’ करा, आणि रिझर्व्हेशनची मुदत बाकी असेल तर तेही काढून टाका.