खानापूरच्या ओलीत विनाईलची फरशी : माझा अनुभव

आमचे घर बेळगाव जिल्ह्यातील खानापुरात आहे. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आणि न्हाणीघरातील जमीन जुन्या शहाबादी फरशीची. फरशीचे सांधे झिजून खोल गेले होते, त्यांत साबणाचा थर बसत होता आणि खडबडीत कडांना सासूबाईंचे पाय अडखळत होते. जुनी फरशी फोडून नवी बसवावी, तर खालचा जलरोधक थर फुटण्याची भीती होती. तिच्याच वर दुसरी फरशी चढवावी, तर जमिनीची उंची वाढून दार घासले असते. म्हणून दोन मिलिमीटर जाडीच्या, मागचा कागद सोलून चिकटवायच्या विनाईल (लवचीक प्लॅस्टिकच्या) टाइलचा विचार केला.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय या टाइल कुठे लावायच्या नाहीत याचा होता. त्यांच्या पाठीवरचा गोंद दाबाने धरणारा असतो. वरून पाण्याचे शिंतोडे उडाले तर त्याला काही होत नाही. पण सांध्यातून पाणी खाली उतरून साचू लागले, तर त्याची पकड हळूहळू सुटते. आपल्याकडे बादली-तांब्याने अंघोळ होते, जमीन रोज भिजते आणि सगळे पाणी जाळीकडे वाहत जाते. परदेशातील स्नानगृहांत टब किंवा काचेचा आडोसा असल्यामुळे बाकीची जमीन कोरडी राहते, आणि या टाइल मूळच्या अशाच जमिनीसाठी आहेत. आमच्या न्हाणीघरात अंघोळीचा भाग आणि कमोड-बेसिनचा भाग यांच्यामध्ये कडप्प्याचा बुटका बांध आहे. टाइल फक्त बांधाच्या अलीकडच्या कोरड्या भागात लावायच्या, असे आम्ही ठरवले. असा बांध नसेल तर आधी तो बांधून घ्यावा, निदान जाळीच्या आसपास या टाइल लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट ओलीची. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीचा डोंगराळ भाग आहे आणि मलप्रभा तिथेच उगम पावते. तिथला पाऊस आमच्यापर्यंत पोहोचतो, आणि जांभ्याची सच्छिद्र भिंत ती ओल कितीतरी दिवस धरून ठेवते. त्यामुळे हे काम जून ते सप्टेंबरमध्ये काढणे मला पटत नव्हते, म्हणून एप्रिल महिना धरला. फरशी हाताला कोरडी लागत असतानाही आमचे मेस्त्री थांबायला सांगत होते. "ताई, वरनं वाळली म्हणून आतनं वाळली न्हवं," असे ते म्हणाले. ते तपासण्याची रीत सोपी आहे. साधारण दीड फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवायचा, चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करायच्या आणि किमान 16 तास तसाच राहू द्यायचा. उचलल्यावर आतल्या बाजूला दव दिसले किंवा खालची फरशी काळपट पडलेली आढळली, तर ओल खालून येत आहे असे समजावे.

दाराजवळची जागा स्वच्छ निघाली, परंतु कमोडच्या मागच्या कोपऱ्यातील फरशी काळवंडली होती. शोध घेतला तेव्हा दोन कारणे सापडली. फ्लशच्या टाकीचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून टाकीला पाणी देणारी छोटी तोटी, मागच्या बाजूने झिरपत होता, आणि बाहेर कर्दळीच्या वाफ्याची माती त्या भिंतीला टेकून जमिनीच्या पातळीपेक्षा वर आली होती. कॉक बदलला, माती भिंतीपासून दूर ओढून पाणी वाहून जायला उतार दिला आणि खिडकी-दार उघडे ठेवून तो कोपरा वाळू दिला. पुन्हा प्लॅस्टिक लावून ते कोरडे निघाल्याखेरीज पुढचे काम सुरू केले नाही.

फरशी साफ करताना ॲसिड वापरण्याचा सल्ला अनेकांनी दिला, पण शहाबादी हा चुनखडीचा दगड असल्यामुळे ॲसिड त्याचा पृष्ठभागच खाते. साबणाचे पाणी, ताठ ब्रश आणि लोखंडी पट्टी एवढ्यावरच आम्ही थर काढला. मेस्त्रींनी थापीच्या मुठीने प्रत्येक फरशी वाजवून पाहिली आणि जिथे पोकळ आवाज आला तिथे सिमेंटची पातळ रबडी आत सोडली. त्यानंतर सांधे भरून संपूर्ण भागावर लॅटेक्स (रबरासारखे चिवट द्रव्य) मिसळलेल्या सिमेंटचा पातळ थर ओढला, कारण विनाईल इतके लवचीक असते, की खालचा खोलगट सांधा काही आठवड्यांत वरून स्पष्ट दिसू लागतो. भिंतीची पुट्टी इथे चालत नाही. पायांच्या भाराखाली ती टिकत नाही. थर पूर्ण वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून, धूळ पुसून पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक प्रायमर, म्हणजे गोंद नीट धरावा म्हणून द्यायचा आधीचा हात, लावला. ओला असताना तो दुधाळ दिसतो आणि वाळल्यावर पारदर्शक व किंचित चिकट होतो.

टाइलची खोकी आम्ही दोन दिवस आधीच न्हाणीघराबाहेरच्या खोलीत आडवी ठेवली होती, म्हणजे माल त्या जागेच्या तापमानाला येतो. या गोंदाला साधारण 18 ते 29 अंश सेल्सिअस तापमान मानवते, म्हणून उन्हे चढण्यापूर्वी सकाळीच काम केले.

आखणीला मात्र भरपूर वेळ द्यावा. आमच्या कोरड्या भागाची रुंदी 52 इंच आणि टाइल 12 इंचांची. भिंतीपासून सुरुवात केली असती, तर चार टाइल पूर्ण बसून शेवटी चार इंचांची चिंधी उरली असती. तीही नेमकी कमोडच्या बाजूला, जिथे ती सर्वांत आधी सुटते. त्याऐवजी मध्यातून दोरी मारली, मधल्या तीन टाइल पूर्ण ठेवल्या आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ इंचांचे तुकडे घेतले. गुण्या लावून आडवी रेषाही तपासली, कारण जुन्या घराच्या भिंती क्वचितच काटकोनात असतात. टाइलच्या पाठीवर बाण छापलेले असतात. ते सगळे एकाच दिशेला ठेवले तरच वरची नक्षी जुळते.

कागद सोलल्यावर टाइलची एक कड शेजारच्या टाइलला घट्ट भिडवायची आणि मग बाकीचा भाग अलगद खाली सोडायचा. एकदा टेकल्यावर ती सरकवू नये. सरकवली की गोंद सांध्यात येतो. सोललेले कागद अतिशय निसरडे असल्यामुळे ते लगेच गोळा करून बाहेर टाकत होतो. दाब देण्यासाठी जड रोलर वापरण्याची पद्धत आहे, पण एवढ्या छोट्या जागेत तो फिरतच नाही, म्हणून जुने लाटणे घेऊन प्रत्येक टाइल मध्यापासून कडांकडे सर्व भार टाकून दाबली. कमोडच्या गोलाईसाठी आधी जाड पुठ्ठा कापून तो बसतो का ते पाहिले, त्याबरहुकूम टाइलवर खूण केली आणि हेअर ड्रायरने टाइल किंचित गरम करून धारदार कटरने कापली. सरळ काप याहून सोपा असतो. वरून पट्टी धरून कटरची रेघ ओढावी आणि वाकवावे, टाइल त्या रेघेवर मोडते.

भिंतीलगत, कमोडभोवती आणि बांधाच्या कडेने दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवून तीत सिलिकॉन भरले. ते वाळेपर्यंत घरातील सर्वांनी परसातील जुनी न्हाणी वापरली, आणि त्यानंतरही काही दिवस जमीन ओल्या फडक्याने पुसली नाही.

पावसाळा संपल्यावर मी प्रत्येक कड बोटाने दाबून पाहिली. कुठेही उठलेली आढळली नाही. सासूबाई आता काठीशिवाय बेसिनपर्यंत जातात, कारण आम्ही मुद्दाम चकचकीत नसलेली, दाणेदार पृष्ठभागाची टाइल निवडली होती. गुळगुळीत विनाईल ओल्या पायाला निसटते, तेव्हा घरात वयस्कर माणसे असतील तर दुकानात टाइलवर पाण्याचा हात फिरवून पाहावे. निगा राखताना रबरी तळाचे पायपुसणे टाळावे. रबरातील रसायनांमुळे विनाईलवर पिवळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत, म्हणून आम्ही सुती पायपुसणे ठेवले आहे. कढत पाण्याची बादलीही त्यावर टेकवत नाही, कारण उष्णतेने गोंद मऊ पडतो. तांबड्या मातीचे कण पायांबरोबर आत येऊन वरचा थर घासतात, त्यामुळे पुसण्यापूर्वी झाडणे आवश्यक आहे. उरलेल्या टाइल खोक्यात आडव्या जपून ठेवल्या आहेत. एखादी खराब झाली, तर हेअर ड्रायरने गरम करून पट्टीने उचलता येते, आणि खालचा गोंद खरवडून त्या जागी नवी बसवता येते.