तुम्ही काय ऐकता?

सोमवार, रात्री साडेदहा

आज पुन्हा तेच केलं. नव्या विभागातला पहिला दिवस. शेजारच्या टेबलावरच्या बाईंशी ओळखपाळख झाली आणि पंधरा मिनिटांच्या आत मी विचारलं, "तुम्ही काय ऐकता?" गेली पंचवीस वर्षं नव्या माणसाला मी हा प्रश्न विचारते आहे. काय शिकलात, घरी कोण कोण असतं, हे सगळं नंतर. आधी गाणं.

त्या म्हणाल्या, "मी गाणी ऐकत नाही."

"वेळ मिळत नाही का?"

"वेळ असतो. पण मला गाण्यातून काही मिळत नाही."

मी "अच्छा" म्हटलं आणि स्क्रीनकडे वळले. मग दिवसभर कामापुरतंच बोलणं झालं. आता लिहायला बसले तर तो 'अच्छा' कानातून जात नाही. समोरच्याच्या तोंडावर दार लोटावं तसा आला होता तो.

माझ्या मनात माणसांचे कप्पे आहेत आणि ते फार वर्षांपूर्वी पडलेत. कुणी "सगळंच ऐकतो" म्हणालं की मी समजते, हा काहीच ऐकत नाही. कुणी एखाद्या गायिकेचं नाव घेऊन क्षणभर थांबलं आणि "पण त्यांचं उतारवयातलं गाणं" असं म्हणालं, की त्या माणसाला मी घराची किल्लीसुद्धा देईन. कुणी फक्त ठेका सांगितला, बोल-सूर काहीच नाही, तर त्याच्याशी बोलणं पाच मिनिटांच्या वर जात नाही. हे कप्पे मी कधी तपासले नाहीत. तपासायची वेळ एकदा आली होती, तेव्हाही टाळलं. आज ते लिहून काढते.

आधीच्या नोकरीत माझे एक वरिष्ठ होते. पहिल्याच आठवड्यात कळलं की त्यांनाही मारवा आवडतो. मारवा आवडणारी माणसं थोडी. त्या रागात पंचम, म्हणजे 'प', नाही, ऋषभ ('रे') कोमल, मध्यम ('म') तीव्र, आणि षड्जावर, म्हणजे 'सा'वर, गायक सहजी येऊन टेकत नाही, दूरदूरच फिरत राहतो. सूर्य मावळतानाची ती बेचैनी पाऊण तास सोसायला ऐकणाऱ्याकडे धीर लागतो. मी मनाशी ठरवून टाकलं, की ज्याला मारवा सोसतो त्याच्यात दुसऱ्यासाठी जागा असणारच. आमच्या तासन् तास गप्पा व्हायच्या. विलंबित लयीत गायक कुठे थांबतो, तार षड्जाला किती वेळ हुलकावणी देतो, असं सगळं.

तेच गृहस्थ हाताखालच्या माणसाला वाक्य पुरं करू देत नसत. एका नव्या मुलाला त्यांनी सगळ्यांसमोर इतकं बोलून घेतलं की तो जिन्यात जाऊन रडला. मला कळलं तेव्हा मी म्हटलं, त्या दिवशी काही बिनसलं असेल. पुढच्या वेळीही तेच म्हटलं. त्यांचा स्वभाव ओळखायला मला दोन वर्षं लागली, बाकीच्यांना दोन आठवडे लागले होते. मधली सगळी वर्षं मारव्याने त्यांची बाजू राखली. तो मुलगा नोकरी सोडून गेला. मी त्याच्याशी त्याबद्दल एक शब्दही बोलले नव्हते, ते अजून टोचतं.

खरं तर मला हे आधीच कळायला हवं होतं. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांत तेच सहा सूर आहेत. मारव्यात ऋषभ-धैवताला मान, पूरियात गंधार-निषादाला, सोहनी वरच्या सप्तकात चमकते. सुरांची यादी तीच, राग मात्र तीन. मग एखाद्याच्या आवडीची यादी हातात धरून त्याच्या मनाचा राग मी कसा ओळखत होते?

मंगळवार

उठल्यापासून तोच विषय. दुपारी सुटीत थोडं वाचलं.

ही खोड माझ्या एकटीची नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पीटर रेंटफ्रो आणि सॅम गॉस्लिंग यांचा २००६ सालचा अभ्यास आहे. अनोळखी तरुणांच्या जोड्या केल्या, त्यांना सहा आठवडे इंटरनेटवरून एकमेकांशी बोलायला लावलं, एवढंच सांगितलं की ओळख करून घ्या. विषय त्यांचे त्यांनी निवडायचे. सगळ्यात जास्त बोलणं झालं ते संगीतावर. त्याच अभ्यासात, एखाद्याची आवडती दहा गाणी ऐकून तो माणूस कसा असेल हे परक्यांना सांगायला लावलं. नव्या कल्पनांची, नव्या अनुभवांची ओढ किती, हे त्यांनी बऱ्यापैकी ओळखलं. हे वाचून मला हायसं वाटलं, उगाच कशाला लपवू.

पण ते हायसं फार टिकलं नाही. २०१७ साली शेफर आणि मेहलहॉर्न या संशोधकांनी अशा अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले. स्वभाव आणि आवडीचं संगीत यांचा धागा फारच बारीक निघाला. त्यातल्या त्यात नव्याच्या ओढीचा काही संगीतप्रकारांशी थोडा संबंध दिसतो, बाकी जवळजवळ शून्य. म्हणजे गाण्यावरून माणूस जिज्ञासू आहे का याचा अंदाज कदाचित येईल. तो दयाळू आहे का, दिलेला शब्द पाळतो का, खालच्या माणसाशी नीट वागतो का, यातलं काही कळत नाही. आणि मला तर नेमकं तेवढंच कळून हवं असतं.

बुधवार, पहाटे

झोप लागली नाही. मामाची कॅसेट आठवत होती.

मारवा मला कोणी दिला? मी तो निवडला असंच आजवर समजत आले. मामाकडे साठ मिनिटांची एक कॅसेट होती, एका बाजूला अर्धा तास. तिच्यावर त्याने मारव्याचा बडा ख्याल भरून घेतला होता, पण राग अर्ध्या तासात कुठला मावायला. मध्येच, तानेच्या ऐन भरात, खट् आवाज व्हायचा आणि बटण वर यायचं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. मामा काही बोलायचा नाही. डोळे मिटलेलेच ठेवायचा, आणि तुटलेली तान मनातल्या मनात पुरी करून मग उठायचा. मीही तशीच बसायचे, डोळे मिटून, त्याच्याकडे चोरून बघत. पट्टी गुंडाळली गेली की पेन्सिल घालून ती सरळ करायचं काम माझं.

मामा जाऊन अकरा वर्षं झाली. आजही कुठे मैफलीत मारवा सुरू झाला की तिसाव्या मिनिटाच्या सुमाराला माझे कान त्या 'खट्'ची वाट बघतात.

काल वाचलेल्यातच एक गोष्ट होती. कॉर्नेल विद्यापीठात कॅरल क्रुम्हान्सल आणि सहकाऱ्याने २०१३ साली विशीतल्या मुलांना १९५५ ते २००९ या काळातली लोकप्रिय गाणी ऐकवली. स्वतःच्या वयातली गाणी त्यांना जवळची वाटली, ते साहजिकच. पण मध्येच आणखी एक उंचवटा दिसला, १९८० च्या सुरुवातीच्या वर्षांचा, म्हणजे त्यांचे आईवडील तरुण असतानाचा. त्याच्याही मागे, आजी-आजोबांच्या काळाशी जुळणारा असा एक लहान उंचवटा. मुलांनी ती गाणी स्वतः शोधलेली नव्हती. घरात कुणीतरी लावत होतं, ती कानावरून जात होती, आणि तेवढ्यावर ती त्यांची झाली.

हे वाचल्यावर माझे कप्पे मला वेगळे दिसायला लागले. "तुम्ही काय ऐकता" याचं उत्तर म्हणून माणूस आपला स्वभाव सांगतच नसतो. लहानपणी आपल्या शेजारी कोण बसलं होतं ते तो सांगत असतो. कुणाच्या शेजारी मामा होता. कुणाच्या शेजारी थोरल्या भावाचा हेवी मेटलचा वॉकमन, कुणाच्या शेजारी गाडी चालवताना गझला लावणारा बाप. कुणाच्या शेजारी कोणीच नसेल. मी इतकी वर्षं ज्याचे गुण देत-कापत होते, ती समोरच्याच्या पदरात पडलेली माणसं होती.

लिहिताना हात जड झाला आहे. वसतिगृहातली एक मुलगी आठवते. तिची गाणी मला भडक वाटायची म्हणून मी खोली बदलून घेतली होती. ती गाणी तिला कुणी दिली, हे मी कधी विचारलं नाही.

गुरुवार, रात्री उशिरा

आज त्यांच्याशी बोलले. मीच सुरुवात केली. म्हटलं, "सोमवारी मी तुमच्याशी नीट वागले नाही."

त्या हसल्या, म्हणाल्या, "सवय आहे." मग थोड्या वेळाने आपणहून सांगायला लागल्या. लहानपणापासून असंच आहे. ऐकू उत्तम येतं. सूर लागला की घसरला ते कळतं, गाणं दुःखाचं की आनंदाचं तेही कळतं. फक्त आत काही होत नाही. चित्रं बघून होतं, पावसाने होतं, कविता वाचून होतं. गाण्याने नाही. घरच्यांना वाटायचं, ऐकायची सवय नाही. म्हणून दोन वर्षं पेटीच्या शिकवणीला घातलं. परीक्षाही पास झाल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. "नवीन ठिकाणी गेलं की हा प्रश्न येतोच. म्हणून मी तीन नावं पाठ करून ठेवली आहेत. एक जुनं, एक नवं आणि एक शास्त्रीय. आजवर कुणाला शंका आली नाही. सोमवारी म्हटलं, ह्या वेळी खरं सांगून बघू."

खरं सांगून बघितलं, आणि समोर मी होते.

घरी येऊन याबद्दलही शोधलं. बार्सिलोनाच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली अशा माणसांवर काम केलं आहे. दहा-दहा जणांचे तीन गट: संगीताने फार हलणारे, मध्यम, आणि अजिबात न हलणारे. संगीत ऐकताना हृदयाचे ठोके आणि त्वचेवरचा घाम मोजला. तिसऱ्या गटात भाव ओळखता येत होता, पण अंगात हालचाल नाही. त्याच लोकांना पैसे जिंकायचा खेळ दिला तर मात्र बाकीच्यांसारखंच अंग प्रतिसाद देत होतं. म्हणजे आनंद घ्यायची ताकद शाबूत, फक्त गाण्याकडून तिथे जाणारी वाट नाही. शंभरात तीन ते पाच माणसं अशी असावीत असा अंदाज आहे. पंचवीस वर्षांत मी किती जणांना तो प्रश्न विचारला असेल! त्यातल्या कितींनी पाठ केलेली नावं सांगून माझ्याकडून शाबासकी मिळवली असेल?

पण आजची खरी गोष्ट ही नाही. खरी गोष्ट पुढची आहे.

त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला नेमकं काय होतं?" असं मला कुणी विचारलंच नव्हतं. आवड असलेल्या माणसांना विचारायची गरज पडत नाही, दोघांनी "वा" म्हटलं की संपलं. मी मारव्याबद्दल सांगायला लागले. सांगता सांगता कॅसेट आली, मामा आला, तुटलेली तान आली. त्या मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. ज्यांच्याशी मी दोन वर्षं मारव्यावर बोलले, त्यांनी मला असं एकदाही ऐकलं नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "पंचम नाही म्हणालात. पण जो सूर नाहीच, तो नाही हे कानाला कळतं कसं? नसलेली गोष्ट ऐकू कशी येते?"

मला उत्तर देता आलं नाही. सोमवारी सांगते म्हटलं.

आता रात्रीचे बारा वाजलेत. तंबोरा काढून बसले आहे. एरवी त्याची पहिली तार पंचमाला लावतात. मारव्याला ती निषादाला लावायची, कुणी धैवतालाही लावतात. म्हणजे गायकाने तोंड उघडायच्या आधीच, तार छेडल्या छेडल्या, कान जिथे टेकायचा ती जागा रिकामी असते. हा उत्तराचा अर्धा भाग. उरलेला अर्धा आत्ता सापडला. पंचमाची तार काढून घेतली तरी षड्जाच्या तारा वाजतच असतात, आणि कुठल्याही तारेच्या पोटात तिचे वरचे स्वर असतात. षड्जाचा तिसरा स्वयंभू स्वर म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. जवारी, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडीवर करतात ती जुळणी, नीट लागली असेल आणि कान तारेजवळ नेला तर तो ऐकू येतो, अगदी बारीक. गायक ज्याचं नाव घेणार नाही तो सूर तंबोरा सगळा वेळ हळू आवाजात म्हणत असतो.

सोमवारी तंबोरा तिकडे नेता येणार नाही. त्यांनाच घरी बोलवावं. तारेला कान कसा लावायचा ते दाखवेन. त्यांच्या आत काही होणार नाही, ते ठाऊक आहे. पण पंचम त्यांना ऐकू येईल, कान चांगले आहेत त्यांचे. आणि ऐकून झाल्यावर त्या काय विचारतील, याची मला आत्तापासून उत्सुकता लागली आहे.

निषादाची तार थोडी उतरली आहे. लावून मग झोपते.