तक्रार न येणारा बिघाड

गेम झोनमधील बहुतेक मशीनचा बिघाड लपून राहत नाही. गाडीच्या गेमचे स्टीअरिंग अडकले किंवा खेळणी उचलणारा पंजा मिटेनासा झाला, की ग्राहक तडक काउंटरवर येऊन भांडतो. पडद्यावर येणाऱ्या बाणांप्रमाणे गाण्याच्या तालावर पायाखालचे बाण दाबायचे असतात, त्या डान्स मशीनचे तसे नसते. पायाखालचा बाण लागला नाही तर पडद्यावर ‘मिस’ उमटते, आणि पहिल्यांदाच खेळणाऱ्याला वाटते की चूक आपलीच झाली. ‘हे काही आपल्याला जमायचे नाही’ असे हसत म्हणून तो खाली उतरतो आणि पुन्हा त्या मशीनकडे फिरकत नाही. गल्ला घटत जातो, पण तक्रारवही कोरीच राहते. गेम मशीनच्या दुरुस्तीचे काम करताना या कोऱ्या वहीशी माझे अनेकदा वाकडे आले आहे. त्यांपैकी एका दिवसाची ही हकिगत.

त्या गेम झोनच्या मॅनेजरांनी मला दुरुस्तीसाठी बोलावलेच नव्हते. डान्स मशीनवर आता कोणी चढत नाही, तेव्हा ते काढून त्या जागी दुसरे काही ठेवावे आणि त्याचे सुटे भाग विकता येतील का ते मी पाहावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. बिघाड काय आहे, असे विचारल्यावर त्यांनी बुटाची टाच उजव्या पॅडवरील, म्हणजे उजवीकडच्या खेळाडूने उभे राहायच्या चौथऱ्यावरील, एका बाणाच्या मधोमध जोरात आपटली. बाण उजळला. “बघा, चालू आहे की!” ते म्हणाले.

कोनामी कंपनीने 1998 मध्ये जपानमध्ये आणलेल्या डान्स डान्स रिव्होल्यूशनच्या धर्तीचे ते मशीन होते. त्यात प्रत्येक खेळाडूसाठी चार बाण, प्रत्येक बाणावर जाड पारदर्शक ॲक्रिलिकची फळी आणि त्या फळीच्या चारही कडांखाली एकेक पट्टीसारखा सेन्सर असतो. म्हणजे दोन्ही पॅड मिळून 32 सेन्सर. चारांपैकी एक जरी दबला तरी बाण लागल्याचे धरले जाते. ऐकायला ही सोय उदार वाटते, पण खरी गोम तिच्यातच आहे. एखादा सेन्सर कायमचा दबून राहिला, की मशीनच्या लेखी पाय तिथून उचललेलाच नसतो, आणि मग बाकीचे तीन ठणठणीत असूनही नवे पाऊल नोंदले जात नाही. शिवाय टाच मध्यावर आपटली तर सगळ्या कडांवर भार येतो आणि निकामी सेन्सर झाकला जातो. नाचताना मात्र पाय क्वचितच मध्यावर पडतो, तो चवड्याने कडेलाच लागतो.

मी मशीन टेस्ट मोडमध्ये टाकले, कारण तिथे प्रत्येक बाणाखालचे चारही सेन्सर वेगवेगळे पाहता येतात. मॅनेजरांना बाणाच्या कडा एकेक करून चवड्याने दाबायला सांगितले. काही कडांना पडद्यावर काहीच हलले नाही, आणि उजव्या पॅडवरील मागच्या बाणाची एक खूण तर पॅडवर कोणीही उभे नसताना पेटलेलीच होती. त्या बाणाच्या कोपऱ्यांतील स्क्रू काढायला घेतले, तर एकाची खाच पार झिजलेली. त्यानेच सर्वांत जास्त वेळ खाल्ला. फळी उचलल्यावर धुळीचा दाबून बसलेला थर, केस, केसांच्या चिमट्याचा तुकडा आणि सेन्सरवर चिकटपट्टीने बसवलेली, घडी घातलेली एक व्हिजिटिंग कार्डाची पट्टी निघाली. बाण हलक्या पायाने लागावा म्हणून कोणीतरी कधीकाळी हा जुगाड केला होता. मला अशा जुगाडाचा राग येत नाही; निदान एका माणसाला तरी त्या पॅडची काळजी होती, एवढे त्यातून समजते. पण चिकटपट्टी सुटून कार्ड फुगले होते आणि सेन्सर अहोरात्र दबलेला राहत होता.

एवढे पाहूनही मॅनेजरांचे मत बदलले नव्हते. “जुन्या मशीनमध्ये हे असायचंच,” असे ते म्हणत असतानाच नेहमी खेळायला येणारी एक कॉलेजची मुलगी येऊन उभी राहिली. तिला मी विचारले, तर ती सहज म्हणाली, “सर, आम्ही सगळे डावीकडेच खेळतो. उजवीकडे बाण लागत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. नवीन लोक चढतात तिथे. काउंटरवर सांगितलं होतं, पण मशीन चालू आहे म्हणाले.”

मी ती फळी तशीच परत बसवली, कशालाही हात न लावता, आणि मॅनेजरांना उजव्या पॅडवर एक सोपे, संथ गाणे खेळायची विनंती केली. मागचा बाण आला की प्रत्येक वेळी ‘मिस’ पडत होते. गाणे अर्ध्यातच संपले. घाम पुसत ते म्हणाले, “मला नाही हो जमत हे!” मी त्यांना तेच गाणे डाव्या पॅडवर खेळायला लावले. ते शेवटपर्यंत गेले, आणि त्या मुलीने टाळ्याही वाजवल्या. खाली उतरल्यावर सुटे भाग विकण्याचा विषय त्यांनी काढला नाही. सेन्सर किती लागतील, असे विचारले.

त्यानंतरची बोलणी सोपी होती. रोज झोन उघडण्यापूर्वी टेस्ट मोडमध्ये सगळे सेन्सर तपासायचे, आठवड्याला फळ्या उचलून धूळ काढायची आणि स्क्रू आवळायचे, थोडे सेन्सर कायम शिल्लक ठेवायचे आणि बाण लागत नाही असे कोणी म्हणाले, तर वाद न घालता कोणत्या बाजूचा कोणता बाण तेवढे लिहून घ्यायचे, असे ठरले. शेवटच्या कलमावर मीच अडून बसलो होतो.

पडद्याबाबत मात्र आमचे जमले नाही. जुना काचेचा मॉनिटर गेल्यावर तिथे साधा टीव्ही बसवला होता आणि त्यात चित्र गाण्याच्या किंचित मागे पडत होते. सेकंदाला 60 चित्रे दाखवणाऱ्या या गेममध्ये एक चित्र सुमारे 16.7 मिलिसेकंद टिकते, आणि अशी दोन-चार चित्रे जरी उशिरा आली तरी पडद्याकडे पाहून नाचणाऱ्याचे पाऊल प्रत्येक वेळी उशिरा पडते. जुने खेळाडू कानाने खेळून ही तूट भरून काढतात. नवख्याला ते साधत नाही. “टीव्ही नवीन आहे, तो कशाला बदलायचा?” हे मॅनेजरांचे उत्तर कायम राहिले. मी तो मुद्दा कामाच्या अहवालात वेगळा लिहिला. त्याखाली त्यांची सही आहे, मंजुरी नाही.