आमची वाटचाल : तीनशे साठ कपॅसिटर

आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानाबद्दल एक वाक्य गेली वीस वर्षं फिरतंय. "तिकडे नका जाऊ, ते सोल्डर मारलेले बोर्ड घालतात." बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्याला जोडतात तो; आणि सोल्डर मारलेला म्हणजे डाग देऊन दुरुस्त केलेला. हे कुणी सोडलं ते आम्हाला ठाऊक आहे, आणि आम्हाला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक आहे. पंचाईत एवढीच की ते धड खोटंही नाही. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

सुरुवात १९९८ ची. मी, माझा भागीदार (नाव घालायचं नाही ही त्याची अट), एक टेबल, दोन स्टुलं. तेव्हा एटी या जुन्या मापाचे कॅबिनेट अजून दुरुस्तीला यायचे. पी-आठ आणि पी-नऊ, म्हणजे बोर्डाला वीज देणारे दोन कनेक्टर, लावताना "काळ्याला काळी" (काळ्या वायरी शेजारी-शेजारी, नाहीतर बोर्ड जळतो) असं पुटपुटत ज्यांनी कनेक्टर बसवलेत, त्यांना पुढचं सांगायला नको. दुकान उघडून नवव्या दिवशी मी ते उलटे लावले. भागीदार काही बोलला नाही. मेलेला बोर्ड त्याने खिळ्याला अडकवून माझ्या खुर्चीसमोर टांगला. अजून तिथेच आहे.

भागीदार मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याची हत्यारं तीनच. लांब दांड्याचा, टोकाला चुंबक असलेला स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, आणि जुन्या कॅबिनेटमधून काढलेला, दोन वायरींचा चिमुकला स्पीकर. तो स्पीकर शर्टाच्या खिशात असायचा. डिस्प्ले येत नाही म्हणून मशीन आलं की आधी तो बोर्डाला लावायचा आणि कान द्यायचा. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये (बोर्ड सुरू करणारा प्रोग्रॅम) एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्ले कार्डात बिघाड. काहीच आवाज नाही, तर रॅम काढून पुन्हा चालू. रॅम काढल्यावर बोर्ड ओरडायला लागला, तर प्रोसेसर आणि बोर्ड बहुधा जिवंत आहेत. आजकालच्या पोरांना कॅबिनेटला काच हवी, आत दिवे हवेत, पण स्पीकर नसतो. एक घेऊन ठेवा. दिव्यांपेक्षा उपयोगी पडेल.

आता मुख्य गोष्ट.

२००२ मध्ये एका प्रशिक्षण संस्थेची चाळीस मशीनची ऑर्डर मिळाली. तोवरची आमची सगळ्यात मोठी. सॉकेट ४७८ चे (हा प्रोसेसर बसवायच्या जागेचा प्रकार) बोर्ड, सगळे एकाच लॉटचे. ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून मी दोन वर्षांची वॉरंटी लिहून दिली. घाऊक व्यापाऱ्याकडून माल आला होता एका वर्षाच्या वॉरंटीवर. भागीदार म्हणाला होता, "हे मधलं वर्ष कुणाच्या खिशातून?" मी हसण्यावारी नेलं. धंद्यात नवीन असाल तर हा प्रश्न भिंतीवर लिहून ठेवा.

चौदाव्या महिन्यात पहिलं मशीन आलं. तक्रार विचित्र. सकाळी तीन-चारदा बटण दाबल्यावर चालू होतं, एकदा तापलं की दिवसभर ठीक. आम्ही एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलला, रॅम बदलली, खोडरबराने कॉन्टॅक्ट घासले, सीएमओएस क्लिअर केला (बोर्डात साठवलेल्या सेटिंग पुसल्या). आठवडाभरात अशी सहा मशीन आली, महिनाभरात एकवीस. मग एका दुपारी भागीदाराने बोर्ड उजेडाकडे तिरका धरला आणि माझ्याकडे सरकवला. प्रोसेसरच्या कडेला उभ्या असलेल्या कपॅसिटरची (वीज साठवून ती स्थिर ठेवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची) डोकी फुगली होती. वरच्या फुलीच्या खाचा उचलल्या गेल्या होत्या, आणि दोघांतून तपकिरी चिकट काहीतरी बाहेर येऊन वाळलं होतं.

त्या काळात ही साथ जगभर होती, हे नंतर कळलं. कपॅसिटरमधल्या इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे आतल्या द्रवाची, घडणच सदोष होती. वापरात आत वायू साठायचा आणि डोकं फुगायचं. आमचा त्यात दोष नव्हता. पण ज्याची चाळीस मशीन बंद पडतायत त्याला इलेक्ट्रोलाइट समजावून बघा. घाऊक व्यापाऱ्याने बोर्ड हातातही घेतले नाहीत. एक वर्ष झालं, विषय संपला. चाळीस नवे बोर्ड विकत घेतले असते तर दुकानाला त्याच दिवशी कुलूप लागलं असतं.

भागीदार म्हणाला, "कपॅसिटर बदलू." मी म्हणालो, "बोर्डावर डाग द्यायचा? जमलं नाही तर?" तेव्हा बाई दुकानात बसल्या होत्या. बाई म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या ग्राहक. घरी बसून भाषांतराचं काम करतात. त्यांच्या मशीनमध्येही त्याच लॉटचा बोर्ड होता. त्या म्हणाल्या, "आधी माझ्यावर करा. बिघडला तर माझा बिघडेल, संस्थेचा नाही. पण माझी फाइल आधी फ्लॉपीवर काढून द्या."

आमची शाळा बाईंच्या बोर्डावर झाली. रेडिओची पंचवीस वॅटची डाग द्यायची इस्त्री इथे चालत नाही. बोर्डाला अनेक थर असतात, आतला ग्राउंडचा तांब्याचा पत्रा सगळी उष्णता खेचून घेतो आणि सोल्डर वितळतच नाही. भागीदाराने साठ वॅटची आणली. जुन्या डागावर आधी थोडं नवं सोल्डर द्यायचं, म्हणजे तो लवकर पातळ होतो. कपॅसिटर ओढायचा नाही. एका पायावर उष्णता, जरा कलवायचा, दुसऱ्या पायावर उष्णता, पुन्हा कलवायचा. जोर केला की भोकाच्या आतलं अस्तर पायाबरोबर निघून येतं, आणि मग बोर्ड कायमचा गेला. भोक साफ करायला सकर (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा पंप), तो हरला तर स्टीलची सुई, कारण स्टीलला सोल्डर सहसा चिकटत नाही. नवा कपॅसिटर लो ईएसआर (आतला विद्युतरोध कमी असलेला), १०५ अंशांपर्यंत चालणाराच. ६.३ व्होल्टच्या जागी १० व्होल्टचा चालतो, उंची आणि जाडी बसली पाहिजे. आणि काढण्याआधी कुठला पाय कुठे होता ते कागदावर काढून ठेवा. बोर्डावर ऋण बाजूची खूण सगळ्या कंपन्या एकसारखी छापत नाहीत. उलटा बसवलेला कपॅसिटर फुटतो, आणि फुटताना आपण बहुधा त्याच्यावरच वाकलेले असतो.

बाईंचा बोर्ड चालू झाला. मग रात्री शटर अर्धं ओढून आम्ही रोज चार बोर्ड करायचो. एका बोर्डाला सरासरी नऊ कपॅसिटर, चाळीस बोर्डांचे तीनशे साठ. सदतीस बोर्ड जगले. तीन माझ्या हातून गेले, ते पदरचे पैसे घालून नवे दिले.

संस्थेची वॉरंटी आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत पाळली. आणि त्यांची पुढची साठ मशीनची ऑर्डर पलीकडच्या दुकानाला गेली. त्याने जाऊन सांगितलं होतं, "तुमच्या मशीनमध्ये डागडुजीचा माल आहे." खरंच होतं ते! आम्हीच बिलावर लिहून दिलं होतं.

त्याचं कोटेशन मला नंतर बघायला मिळालं. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, सगळं आमच्याच कागदावरून ओळीने उतरवलेलं. फक्त एसएमपीएसची ओळ वेगळी. स्टिकर ४५० वॅटचं, उचलावा तर हाताला वजन लागत नाही. बारा व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. गुणाकार करा : १६८ वॅट. प्रोसेसर तर बारा व्होल्टवरच जगतो. उरलेले वॅट अशा रकान्यांत दाखवलेले, जिथे कुणी मागायला जात नाही. तेव्हापासून आमचा शिरस्ता आहे की ग्राहक काहीही कमी करायला सांगो, एसएमपीएसची ओळ आम्ही बदलत नाही. दिव्यांचे पंखे काढा, रॅम अर्धी घ्या, ती नंतर वाढवता येते. स्वस्तातला एसएमपीएस जाताना एकटा जात नाही.

२००५ पासून पुढे बरं चाललं. २०११ मध्ये थायलंडला पूर आला आणि हार्ड डिस्क मिळेनाशा झाल्या, तेवढा एक काळ सोडला तर लिहिण्यासारखं काही नाही.

बाईंचा तो सोल्डर केलेला बोर्ड २०११ पर्यंत चालला. कॅबिनेट अजून तोच आहे, १९९९ चा, जाड पत्र्याचा, पिवळा पडलेला. एटीएक्स, म्हणजे बोर्ड आणि कॅबिनेटच्या मापांचं एटीनंतरचं मानक, १९९५ मध्ये आलं, पण त्याची स्क्रूची भोकं आजच्या बोर्डालाही जुळतात. त्या कॅबिनेटमध्ये परवा चौथा बोर्ड बसवला. बसवताना खालचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते खुंट) मोजून घ्या. जुन्या बोर्डाचा एखादा जास्तीचा राहिला तर नव्याच्या पाठीला टेकतो, आणि मग तुम्ही दोन दिवस रॅम बदलत बसता.

बाई एक वही ठेवतात. बिघाड कधी, काय करताना, किती वेळाने. तिसऱ्या बोर्डाच्या वेळी मशीन मध्येच बंद पडायचं. दोनदा आमच्याकडे आलं, दोन्ही वेळा दिवसभर टेबलावर उघडं चाललं, आणि "काही नाही" म्हणून परत गेलं. तिसऱ्यांदा बाईंनी वही पुढे केली. "झाकण लावून : वीस मिनिटांत बंद. झाकण न लावता : दिवसभर चालू." आम्ही झाकण लावलं आणि कान दिला. पत्र्याने आतल्या वायरींचा जुडगा दाबला जात होता आणि तो कूलरच्या पंख्यात अडकत होता. पंचवीस पैशांची अक्कलही लागली नसती, एक केबल टाय लागला. तेव्हापासून आमच्याकडे मशीन झाकण लावूनच चाचणीला ठेवतात.

आता पोरं घरीच मशीन जोडतात. जोडू द्या, चांगलं आहे. पण मग रात्री फोन येतो, "डेड आहे." डीडीआर-फाइव्हचा (या नव्या प्रकारच्या रॅमचा) बोर्ड पहिल्यांदा चालू होताना रॅमची ओळख करून घेतो, त्यात काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. हा दर तीस सेकंदांनी बटण दाबून बंद करतोय, आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून मोजतोय. हात मागे बांधून बसा. दुसरा फोन, डिस्प्ले नाही. मॉनिटरची केबल डिस्प्ले कार्डाऐवजी बोर्डाच्या मागे खोचलेली, आणि प्रोसेसरला आतलं ग्राफिक्सच नाही. या दोन्हींचे आम्ही पैसे घेत नाही. तिसरा प्रकार मात्र फोनवर सुटत नाही. मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) एसएमपीएस बदलला, पण जुन्याच्या केबल तशाच ठेवल्या. डिस्ककडची टोकं सगळीकडे सारखी, एसएमपीएसकडच्या टोकाची जोडणी प्रत्येकाची वेगळी. एका मुलाच्या दोन डिस्क एका क्षणात गेल्या, एकीत त्याच्या बहिणीचं वर्षभराचं काम होतं. एसएमपीएस बदलताना केबलही त्याच्याबरोबर आलेल्याच.

मागच्या वर्षी पलीकडच्या दुकानातला एक मुलगा जुना बोर्ड घेऊन आला. कुठल्याशा यंत्राला जोडलेला, दुसरा कुठलाच चालत नाही असा. सहा डोकी फुगलेली. म्हणाला, "शेठनी विचारलंय, सोल्डर करून मिळेल का?"

भागीदाराने चष्मा लावला, इस्त्री तापवली आणि संध्याकाळपर्यंत करून दिला. बिल मात्र त्याने स्वतः लिहिलं, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात : "कपॅसिटर बदलले, नग ६, सोल्डरिंगसह."