दवाखान्यातून तालुका ऑफिसात

एमबीबीएस करून पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मेडिकल ऑफिसर होणं तसं सरळ. तालुका आरोग्याधिकारी होताना मात्र डॉक्टरला थोडं कारकून, थोडं खजिनदार आणि वेळ पडली तर पुढारीही व्हावं लागतं. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात मी या वाटेनं गेलोय.

आधी खात्याची परीक्षा. केपीएससी, म्हणजे कर्नाटकाचा लोकसेवा आयोग, ती घेतो, आणि तिच्यात अकौंट्सचा पेपर असतो. दिवसभर ओपीडी, रात्री ट्रेझरीचे नियम. कन्नड बोलायची अडचण नव्हती, पण फायलीवर टिप्पणी लिहायची म्हणजे घाम फुटायचा. आमच्या एफडीएंनी, म्हणजे ऑफिसातल्या फर्स्ट डिव्हिजन असिस्टंटनी, जुन्या फायली समोर टाकून ते शिकवलं. सही कुठं करू नये, हेसुद्धा त्यांनीच.

खरी परीक्षा चार्ज घेतल्यावर. सपाट भागात ३०,००० लोकांमागे एक पीएचसी, डोंगराळ भागात २०,००० मागे, असा निकष आहे. भीमगडच्या जंगलातल्या गावांना तो काय कामाचा? नाले भरले की तिथं माणसं किती याला अर्थ नसतो, वाट आहे का एवढंच बघायचं. म्हणून मृग लागायच्या आत पावसाळ्यातल्या बाळंतपणांची यादी आशांकडून घ्यायची आणि दिवस भरत आलेल्या बायकांना अगोदरच खाली आणून ठेवायचं. हे लिहायला सोपं. "लावणीच्या टायमाला सुनेला न्हेऊन बसवताय काय?" असं सासूनं विचारलं की सगळं प्रोटोकॉल बाजूला राहतं. तिथं आशाताईच कामाला येते, आम्ही नाही.

दुसरा घोळ सीमेचा. सून आमची, माहेर पलीकडं महाराष्ट्रातल्या चंदगडचं, आणि पहिलं बाळंतपण माहेरी. गरोदरपणाची नोंद असलेलं तायी कार्ड कर्नाटकाचं, बाळाचा जन्मदाखला महाराष्ट्राचा. आमच्या रजिस्टरात बाई 'प्रसूती बाकी' म्हणून लोंबकळत राहते, आणि सहा, दहा, चौदा आठवड्यांचे बाळाच्या लसींचे डोस तिकडं मिळाले की चुकले, ते कळत नाही. केडीपी मीटिंगमध्ये, म्हणजे तालुक्याच्या विकासकामांच्या आढाव्यात, आमदार विचारतात, लसीकरणाचा आकडा कमी का? तेव्हा माहेरपणाची गोष्ट सांगून भागत नाही, नावांची यादी लागते.

शेवटी आशांच्या वहीत 'माहेर कुठलं' असा रकाना पाडून घेतला. आमची एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स, आता पलीकडच्या सिस्टरला थेट फोन लावते. वरून कुठला आदेश आलेला नाही, आणि मीही मागितलेला नाही.