पोर सोडवायला किती द्यावं लागंल?

फाईलवर मीच लिहिलं होतं, 'पालक संपर्कात नाहीत.' मुलगी सात वर्षांची. भिवंडीत बाजाराच्या दिवशी एकटी रडताना कुणाला तरी दिसली, त्याने 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन केला. कायद्याप्रमाणे 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करून तिला बालगृहात ठेवलं. मुलाची ओळख उघड करायची नसते, म्हणून इथे तिला चिंगी म्हणते. समुपदेशनाच्या नोंदीत एकच ओळ होती, 'मूल बोलत नाही.' गृहचौकशीचा, म्हणजे मुलाच्या घरची माहिती काढून समितीला द्यायचा अहवाल मला 15 दिवसांत द्यायचा होता. दहा दिवस गेले, तिला न्यायला कुणी आलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी मी बालगृहात गेले, तर चिंगी नळाजवळच्या ओल्या मातीचे चौकोन पाडून ओळीने वाळत घालत होती. दोन ओळींमध्ये वारा जाईल एवढी जागा सोडून. हे वीटभट्टीवरचं मूल आहे, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

दोन भट्ट्या पालथ्या घातल्या. तिसरीवर जीप वळली आणि भोंग्यांपुढे खेळणारी मुलं बघता बघता दिसेनाशी झाली. भोंगा म्हणजे कच्च्या विटा रचून वर पेंढा नाहीतर प्लास्टिक टाकलेलं खोपट. बायका माती मळत राहिल्या. अशी मुलगी हरवली का, विचारलं. कुणीच मान वर केली नाही. ही सगळी कातकरी कुटुंबं. पावसाळ्यात मालकाकडून बयाणा, म्हणजे कामाआधीची उचल घ्यायची, दिवाळीनंतर वाडी सोडायची, बाजाराच्या दिवशी आठवड्याची खर्ची मिळायची आणि पाऊस तोंडावर आला की हिशेब.

मी जीप परत पाठवली. एका म्हातारीशेजारी बसले आणि काही न विचारता चिंगीचंच सांगत राहिले. ताप नाही. भात खाते. रात्री दाराशी झोपते. डाव्या हाताने जेवते म्हणून वाढणाऱ्या बाई रागावतात.

डावा हात म्हटल्यावर मातीतली एक बाई उठून उभी राहिली.

"आम्ही आलतो बाय. तिसऱ्या दिवशी. फाटकावर आधार मागला. माझं आधार मुकादमाकडं." मग तिने पदराची गाठ सोडली. घामाने भिजलेल्या नोटा होत्या. "पोर सोडवायला किती द्यावं लागंल? मालकाकडनं तीन हजार उचललंत. पुरंल?"

मला काही वेळ बोलता आलं नाही. जंगलात कोयता जप्त झाला तर पैसे देऊन सुटतो, अंगावर बयाणा असलेला माणूस तो फेडून सुटतो. मग मूलही तसंच सुटत असणार, असं त्या बाईने धरलं होतं आणि त्यासाठी नवं कर्ज डोक्यावर घेतलं होतं. आम्ही मात्र 'बेफिकीर पालक' असं मनाशी ठरवून मोकळे झालो होतो.

मी व्हिडिओ कॉल लावला. अधीक्षक बाईंनी चिंगीला पुढे आणलं. आईचा चेहरा दिसताच ते न बोलणारं मूल कातकरी बोलीत एवढं भडाभडा बोलू लागलं की मला त्यातलं निम्मंही कळेना. बाजारात धाकट्याला घेऊन पाणी प्यायला गेलो तेवढ्यात ही चुकली, असं आई नंतर म्हणाली.

संध्याकाळी बालगृहाच्या फाटकावरची नोंदवही पाहिली. तिसऱ्या दिवशी त्यांचं नाव नव्हतं. ओळखपत्र नसलेल्यांची नोंदच होत नाही, असं उत्तर मिळालं. मुरबाड तालुक्यातल्या त्यांच्या वाडीच्या शाळेतल्या गुरुजींनी जनरल रजिस्टरच्या पानाचा फोटो रात्री पाठवला. त्यात चिंगीच्या नावापुढे आईचं नाव होतं. मी अहवालातलं ते वाक्य खोडलं आणि आई फाटकावरून परत गेल्याची तारीख लिहिली.

समितीपुढे आई खुर्चीवर बसेना. मुलीला बाजारात का सोडलं, असं एका सदस्यांनी विचारलं. ती घाबरून काहीच बोलली नाही, तेव्हा मी बोलले. बालगृह हा शेवटचा पर्याय आहे, हे 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या मूलतत्त्वांतच लिहिलं आहे. ते आम्हीच विसरायचं? चौदाव्या दिवशी चिंगी आईच्या कडेवर बसून गेली. सात वर्षांची मुलगी, पण खाली उतरायला तयार नव्हती.

तीन हजार आईने दुसऱ्याच दिवशी मालकाला परत केले. वहीत ते वजा झाले का, हे तिला माहीत नव्हतं, वाचता येत नाही. वेठबिगारीविरुद्ध 1976 पासून कायदा आहे आणि तक्रार कुठे करायची हे मला ठाऊक आहे. ती म्हणाली, "आता नको बाय. हंगाम निघू दे." मी थांबले. ते बरोबर केलं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यानंतर महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, मी भट्टीवर जाऊन येऊ लागले. जीप न घेता, काही काम नसताना.

पावसाच्या तोंडाशी ती मंडळी वाडीवर परतली. जुलैत तिचा फोन आला, गुरुजींच्या मोबाइलवरून. शेजारणीचा दहा वर्षांचा पोरगा दिवाळीपासून मेंढ्यांमागे दिलाय, अजून आला नाही. 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं मेंढपाळांकडे अशीच राबताना आढळली होती, ते मला आठवलं. मी वही उघडली. तिने नाव सांगितलं, घेऊन गेलेल्या माणसाचं गाव सांगितलं आणि म्हणाली, "तू जाशील तवा मला ने संगं. पोरगं तुमच्याशी बोलायचं नाय."