वलसाडी साग

झोपाळ्याची एक कडी निखळली म्हणून गेल्या आठवड्यात मिस्त्रीला बोलावलं. दांडियाबाजारातलं आमचं घर जुनं, झोपाळा आजेसासऱ्यांच्या वेळचा. पाटाची कड जरा रंधली तर काळपटपणाखालून सोनेरी लाकूड निघालं आणि कातड्यासारखा वास सुटला. मिस्त्री म्हणाला, "काकी, आ तो वलसाडी साग छे, काढी ना नाखता." म्हणजे, हा वलसाडी साग आहे, काढून टाकू नका.

बडोद्याच्या लातीत, म्हणजे लाकडाच्या वखारीत, वलसाडी म्हटलं की भाव चढतो. पण वलसाड गावाच्या नावावर जाऊ नका, त्यातला बराच माल दक्षिण गुजरातेतल्या डांगच्या जंगलातला.

1842 मध्ये इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतलं. मुंबईच्या गोदीत जहाजांना साग हवा होता. राजांना वर्षाला ठरलेली रक्कम मिळायची. मग रेल्वे आली, रुळांखाली लाकडी स्लीपर लागू लागले, आणि 1864 मध्ये ब्रँडिस नावाच्या जर्मनाच्या हाती देशाचं वनखातं सोपवलं. त्याआधी हे गृहस्थ ब्रह्मदेशात हत्तीवर बसून साग मोजायचे, हातातल्या बांबूच्या काठ्यांवर चाकूने खाचा पाडत. जंगल जेवढं वाढतं तेवढंच तोडायचं, हा त्यांचा हिशोब. मला हा माणूस आवडतो, खरं सांगते.

पण 1878 च्या कायद्याने राखीव जंगलं आखली गेली, तोच साचा पुढे डांगात आला, आणि राब भाजून, म्हणजे जमिनीवर फांद्या-पाला जाळून, नागली पेरणारा आपल्याच रानात गुन्हेगार ठरला. तिकडे ब्रह्मदेशात मात्र अशाच फिरत्या शेतीवाल्यांकडून साहेब सागाची लागवड करून घेत होते! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर तिथल्या वनाधिकाऱ्यांच्याच ध्यानात आलं, की वणवा अजिबात येऊ दिला नाही तर ओल्या रानात सागाची नवी रोपं कमी उगवतात.

होळीआधी डांगातल्या आहवा गावी डांग दरबार भरतो. आम्ही एकदा गेलो होतो. पाच राजे बग्गीतून मिरवत आले, मंचावर त्यांना सालियाणा, म्हणजे वर्षाची रक्कम, दिला. आमचे हे म्हणाले, "आपल्या गायकवाडांचा तनखा 1971 ला बंद झाला, यांचा बघ अजून चालू आहे." मी म्हटलं, जंगल कुणाचं गेलं तेही बघा. त्यावर त्यांनी भज्यांच्या गाडीकडे मोर्चा वळवला.

मिस्त्रीने नवी कडी बसवली, पाटाला तेल चोळलं. रंध्याचे छिलके मी टाकले नाहीत, कपाटाच्या खणात ठेवलेत. वाळवी लागत नाही म्हणे.